अडीच गुंठे, वर्षाच्या भाड्याने!

लेकीचा इंग्लंडहून फोन येतो, “आई, आम्हाला अलॉटमेंट मिळाली!” इकडे आईला वाटतं, म्हाडाच्या सोडतीसारखी तिथेही सोडत निघाली आणि पोरीला जागा लागली. ती घाईघाईने विचारते, “किती खोल्यांची गं?” मग पलीकडून हसण्याचा आवाज येतो. कारण ह्या अलॉटमेंटला खोल्या नसतात, भिंती नसतात, छप्परही नसतं. असते ती फक्त माती, आणि पहिल्या दिवशी तर त्या मातीवर कमरेएवढं गवत!

इंग्लंडात ‘अलॉटमेंट’ म्हणजे भाजीपाला पिकवण्यासाठी भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. घरापासून थोड्या अंतरावर एक मोठं कुंपण घातलेलं आवार असतं आणि त्यात पन्नास, शंभर, कधी त्याहूनही जास्त वाफेवजा तुकडे आखलेले असतात. प्रत्येक तुकड्याचा भाडेकरू वेगळा. संध्याकाळी नि शनिवार-रविवारी ही मंडळी तिथे खुरपी घेऊन हजर!

आपल्यापैकी कितीतरी जणींच्या लेकी, सुना, बहिणी, जावा आज त्या देशात नांदताहेत. त्यांच्या तोंडून हा शब्द वारंवार ऐकू येतो. म्हणून म्हटलं, एकदा नीट समजून घेऊ या. भाडं किती, सोयी कोणत्या, कायदा काय सांगतो, आणि मुख्य म्हणजे हा सारा खटाटोप बाईच्या अंगावर कितपत पडतो?

अडीच गुंठे म्हणजे किती?

तिथल्या पूर्ण तुकड्याचं जुनं माप आहे दहा ‘रॉड’. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. आता गंमत पाहा. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे दोन रॉड लांब नि दोन रॉड रुंद. एका गुंठ्यात चार चौरस रॉड बरोब्बर बसतात! तेव्हा दहा रॉडचा तुकडा म्हणजे नेमके अडीच गुंठे, सुमारे २,७२२ चौरस फूट. इंग्रजांच्या त्याच मोजमापातून आपल्याकडे एकराचे चाळीस गुंठे झाले आणि तिकडे एकराचे एकशेसाठ चौरस रॉड. आपल्या सातबाऱ्याचं आणि तिथल्या भाजीच्या वाफ्याचं असं हे जुनं नातं!

साडेपाचशे चौरस फुटांच्या घरात राहणाऱ्या गृहिणीने हिशेब करावा. आपल्यासारखी पाच घरं मावतील एवढी ती जागा! नोकरी, मुलं आणि स्वयंपाक सांभाळून एवढी जमीन खणायची म्हणजे चेष्टा नव्हे. म्हणूनच हल्ली बहुतेक ठिकाणी अर्धा तुकडा, कुठे कुठे पाव तुकडाही देतात. नवख्या माणसाने अर्ध्यावरच समाधान मानावं, हे तिथले जुने जाणते भाडेकरूसुद्धा सांगतात.

गरिबाच्या भाकरीतून निघालेली गोष्ट

ही केवळ हौसेची गोष्ट आहे असं समजू नका. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात गावोगावच्या सामायिक गायरानांना जमीनदारांनी कुंपणं घातली. ज्या मोलमजुराची गाय तिथे चरत होती, जो तिथून सरपण आणत होता, त्याच्या हाती काहीच उरलं नाही. त्याची थोडीतरी भरपाई व्हावी म्हणून मजुरांना भाजीसाठी जमिनीचे तुकडे देण्याची चाल पडली. १८४५ च्या कायद्यात भूमिहीन गरिबांसाठी अशी जमीन राखण्याची तरतूद आली. पुढे १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तिथे असे तुकडे उपलब्ध करून देणं हे स्थानिक कौन्सिलचं, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं, कर्तव्यच ठरवलं.

मग आली युद्धं. जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवू लागल्या तशी ह्या तुकड्यांची किंमत कळली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांची संख्या पंधरा लाखांच्या घरात गेली. दुसऱ्या महायुद्धात तर ‘विजयासाठी खणा’ अशी सरकारी हाकच होती. लंडनच्या प्रसिद्ध किल्ल्याच्या कोरड्या खंदकात भाजी पिकली, हाइड पार्कमध्ये वाफे निघाले! रेशनिंग संपलं, दुकानं भरली आणि लोकांची हौस ओसरली. पुष्कळ आवारं घरबांधणीत गेली. आज तिथे अंदाजे तीन लाखांवर तुकडे उरले आहेत. मागणी मात्र पुन्हा वाढली आहे. त्यामुळे बऱ्याच शहरांत प्रतीक्षा यादी असते आणि नंबर लागायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणूनच लेकीच्या आवाजात एवढा आनंद असतो!

भाडं किती पडतं?

सबंध देशाला एकच दर नाही. प्रत्येक कौन्सिल आपापलं भाडं ठरवतं. लहान गावात पूर्ण तुकडा वर्षाला पंचवीस-तीस पौंडांत मिळतो, तर मोठ्या शहरांत, विशेषतः लंडनच्या काही भागांत, शंभर पौंडांच्याही वर जातो. लक्षात घ्या, हे भाडं महिन्याचं नव्हे, वर्षाचं! १९५० च्या कायद्यानुसार भाडं वाजवी असावं लागतं, आणि विशेष परिस्थितीत ते कमी करण्याची मुभा कौन्सिलला आहे. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी निवृत्त, अपंग किंवा तुटपुंजं उत्पन्न असलेल्या भाडेकरूंना सवलत मिळते. पण ती आपण होऊन कुणी घरी आणून देत नाही, अर्ज करताना विचारावी लागते.

भाड्याखेरीज आणखी चार लहान खर्च असतात. पाणीपट्टी कुठे भाड्यातच धरलेली असते, कुठे वेगळी. भाडेकरूंच्या संघाची वर्गणी असते. फाटकाच्या किल्लीसाठी अनामत भरावी लागते. आणि मग अवजारं, बी-बियाणं, खत.

माझी धाकटी जाऊ इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका शहरात असते. हिशेबाला ती पक्की! अर्ध्या तुकड्याचा पहिल्या वर्षाचा जमाखर्च तिने वहीत मांडून ठेवला होता. नमुन्यादाखल तो असा :

भाडं : ४५ पौंड
पाणीपट्टी : १२ पौंड
संघाची वर्गणी : ५ पौंड
किल्लीची अनामत : २० पौंड
जुनी कुदळ, फावडं, दाताळं, झारी : ३५ पौंड
बियाणं, बटाटे, कांद्याची रोपं : ३८ पौंड
जाळी, काठ्या, सुतळी : २२ पौंड
शेणखताचा वाटा : १५ पौंड
एकूण : १९२ पौंड

अनामत परत मिळणारी, म्हणून ती वजा केली तर खर्च १७२ पौंड. आणि भाजी आली किती? दुकानातल्या भावाने धरली तर १३० पौंडांची. म्हणजे पहिल्या वर्षी ४२ पौंडांची खोटच! जाऊ म्हणाली, “वहिनी, ह्यांनी वही वाचली आणि म्हणाले, यापेक्षा मंडईतून आणलेलं काय वाईट?”

दुसऱ्या वर्षी मात्र अवजारं नि जाळी घ्यायची नव्हती. बियाणंही काही घरचं निघालं. खर्च आला १०७ पौंड आणि भाजी निघाली २६० पौंडांची. १५३ पौंडांची शिल्लक! तेव्हा पहिल्या वर्षाच्या हिशेबावरून बाग सोडू नये. अर्थात ह्या हिशेबात तिच्या घामाची मजुरी धरलेली नाही. पण आपण बायका घरच्या कोणत्या कामाची मजुरी धरतो?

सोयी : असतील तर सुख, नसतील तर…

तुकडा घेण्याआधी आवार एकदा हिंडून पाहावं. भाडं थोडं जास्त असलं तरी सोयी असतील तर ते परवडतं. काय काय पाहायचं?

पाणी : काही आवारांत नळ असतात, काही ठिकाणी मोठ्या टाक्या असतात आणि त्यांतून झारीने पाणी न्यावं लागतं. नळी लावायला पुष्कळ ठिकाणी मनाई असते. टाकी आपल्या तुकड्यापासून किती लांब आहे ते पावलांनी मोजा. दोन्ही हातांत भरलेल्या झाऱ्या घेऊन तुम्हालाच चालायचं आहे!

शौचालय : हे विचारायला लाजू नका. पुष्कळ आवारांत ते नसतंच. चार-चार तास काम करणाऱ्या बाईला, बरोबर लहान मूल असेल तर विशेषच, ही मोठी अडचण होते.

खोपटं : अवजारं ठेवायला लाकडी खोपटं असलं तर उत्तम. ते आधीच्या भाडेकरूचं असतं की कौन्सिलचं, हे विचारून घ्यावं. नवं बांधायचं तर त्याच्या आकाराचे नियम असतात आणि परवानगी लागते. आत मौल्यवान काही ठेवू नये, चोऱ्या होतात.

संघाचं दुकान : काही आवारांत भाडेकरूंच्या संघाचं छोटंसं दुकान असतं. रविवारी सकाळी दोन तास उघडतं. बियाणं, खत, बांबू बाजारापेक्षा स्वस्त मिळतात आणि सल्ला तर फुकट!

वाट आणि फाटक : सासूबाई किंवा आई बरोबर येणार असतील तर वाट सपाट आहे का, बसायला बाक आहे का, तेही पाहावं.

कायद्याचे चार शब्द

आपण म्हणू, भाजी लावायला कायदा कशाला? पण भाडेकरूचं संरक्षण त्यातच आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये कौन्सिलने ह्याच कामासाठी राखलेली जमीन मंत्र्याच्या संमतीवाचून विकता येत नाही, हे १९२५ च्या कायद्याने ठरलं. भाडेकरूला उठवायचं तर एरवी बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि तीही भर हंगामात संपता कामा नये. ६ एप्रिलपर्यंत किंवा २९ सप्टेंबरनंतर संपली पाहिजे, म्हणजे पेरलेलं पीक हाती येतं. किती शहाणपणाची तरतूद!

पण दुसरी बाजूही आहे. भाडं चाळीस दिवस थकलं किंवा नियम मोडले तर एका महिन्याच्या नोटिशीवर तुकडा जाऊ शकतो. जमीन पडीक ठेवणं हा तर मोठाच गुन्हा. यादीत लोक ताटकळत असताना एखादीच्या तुकड्यात गवत माजलेलं कोण खपवून घेईल? तेव्हा सुट्टीत दोन महिने भारतात यायचं असेल तर शेजारच्या भाडेकरूला सांगून आणि संघाच्या चिटणिसाला चिठ्ठी देऊन यावं.

पिकवलेलं मुख्यतः घरच्या खाण्यासाठीच असावं. तिथे भाजीचा धंदा मांडता येत नाही. कोंबड्या आणि ससे पाळायला १९५० च्या कायद्याने मुभा दिली आहे, पण कोंबडा नाही! पहाटे आरवून शेजाऱ्यांची झोप मोडायला नको, म्हणून बहुधा. आणि गावात पुरेशी जागा नसेल तर सहा नोंदलेल्या मतदारांनी मिळून लेखी मागणी केली की कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. लंडनच्या आतल्या भागांना मात्र हे बंधन लागू नाही.

नाव कुणाचं?

आता जरा जिव्हाळ्याचा प्रश्न. हा करार बहुतेक ठिकाणी एकाच माणसाच्या नावे होतो आणि तो वारसाहक्काने मिळत नाही. भाडेकरू वारला की करार संपला!

जावेच्याच आवारात एक मराठी काकू आहेत. सत्तरी ओलांडलेल्या. वीस वर्षं नवरा-बायकोने मिळून एक तुकडा कसला. म्हणजे खणणं काकांचं आणि पेरणं, निंदणं, खुडणं काकूंचं. काका गेले तेव्हा तेराव्यानंतर काकूंना कुणीतरी सांगितलं की आता हा तुकडा यादीतल्या पुढच्या माणसाला जायचा. त्या जावेला म्हणाल्या, “अगं, घरात मी त्यांच्या खुर्चीकडे बघू शकत नाही. तिथे गेले की निदान हात हलतात. तेही काढून घेणार का?” सुदैवाने दोन वर्षांपूर्वी काकांनी एक कागद भरून ठेवला होता. सहकारी म्हणून बायकोचं नाव संघाच्या दप्तरी नोंदवलं होतं. तेवढ्या एका ओळीवर तुकडा काकूंच्या नावे झाला. तो कागद नसता तर वीस वर्षांची माती परकी झाली असती.

तेव्हा लेकीला, सुनेला एवढं आवर्जून सांगा. अर्ज करताना दोघांची नावं घालता येतात का, ते विचार. नाही म्हणाले तर सहकारी म्हणून तुझं नाव नोंदव. नियम जागोजागी वेगळे आहेत, म्हणून तोंडी आश्वासनावर राहू नकोस, लेखी घे. बँकेचं खातं, घराचे कागद यांच्यासारखंच हेही एक काम.

काय पिकतं, काय नाही

तिथे मे महिन्याच्या मध्यापर्यंत रात्री दहिवर गोठून कोवळी रोपं मरण्याची भीती असते. म्हणून आपल्या फळभाज्या घाईने बाहेर लावू नयेत. बटाटे ईस्टरच्या सुमारास लावायचा प्रघात आहे. कांदे मार्च-एप्रिलात, लसूण मात्र हिवाळ्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात.

मेथी मे ते ऑगस्ट कधीही पेरावी, पाच-सहा आठवड्यांत जुडी हाती! कोथिंबीर थोडी थोडी, दर पंधरवड्याला पेरावी, कारण दिवस तापले की ती लगेच तुऱ्यावर येते. मुळा, पालक, लाल माठ होतात. मिरच्यांची रोपं फेब्रुवारी-मार्चमध्ये घरातच खिडकीत करावीत आणि पुढे काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या आडोशाला वाढवावीत. दुधी, भेंडी यांनाही आडोसा हवाच. कढीपत्ता मात्र कुंडीत, घरातच बरा.

तिथल्या भाज्यांशीही सोयरीक जमवावी. ‘रनर बीन्स’ची भाजी आपल्या घेवड्यासारखीच करावी, पण त्या शेंगा कच्च्या खाऊ नयेत. ‘ब्रॉड बीन्स’ म्हणजे पावट्याच्या थोरल्या बहिणी, त्यांची उसळ झकास होते. ‘कूर्जेट’ तर उन्हाळ्यात इतकी येतात की शेजारीपाजारी दार उघडेनासे होतात! किसून, पाणी पिळून थालीपिठात घालावीत, आणि ते पाणीही पीठ भिजवायला वापरावं.

एक महत्त्वाची ताकीद : ‘रूबार्ब’ ही आपल्या आंबटचुक्याच्या नात्यातली. आवारात तिची मोठाली हिरवी पानं दिसतात आणि आपल्या हाताला ती चिरून भाजी करायची सुरसुरी येते. करू नका! तिचे फक्त देठ खातात. पानं विषारी असतात.

जाणाऱ्या आयांसाठी चार सूचना

१. लेकीसाठी भाज्यांचं बियाणं बॅगेत दडवून नेऊ नका. पेरायच्या बहुतेक बियाण्यांना तिथे नेताना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. तिथल्या आपल्या वाण्याकडे मिळणारे धने आणि मेथ्या पेरल्या तरी छान उगवतात. धने पेरण्याआधी हलके रगडून दोन फाकी करावेत.

२. घोड्याच्या तबेल्यातलं खत स्वस्त मिळतं, पण कुरणावर मारलेल्या काही तणनाशकांचा अंश त्यात उरतो आणि टोमॅटो, बटाटे, शेंगभाज्या वाकड्यातिकड्या होतात. आधी एका कुंडीत ते खत घालून चार घेवडे पेरून पाहावेत. पानं सरळ आली तर खुशाल वापरावं.

३. गोगलगायी हा तिथला मोठा शत्रू. संध्याकाळी पाणी घालू नये, सकाळी घालावं. म्हणजे रात्री माती ओली राहत नाही आणि गोगलगायींचं फावत नाही.

४. सगळा तुकडा एकदम खणायला घेऊ नये. निम्म्यावर जाड पुठ्ठे अंथरून वर खत पसरावं. उजेड न मिळाल्याने बरंचसं गवत मरतं आणि पुढच्या वर्षी खणणं सोपं जातं.

शेवटी एकच

पौंड-शिलिंगाच्या हिशेबात न बसणारी एक गोष्ट राहिलीच. परक्या देशात नवी गेलेली मुलगी घर, दुकान आणि शाळा यांच्यापलीकडे कुणाला ओळखत नसते. आवारात मात्र पलीकडच्या वाफ्यातले आजोबा आपण होऊन वांग्याचं रोप देतात, पंजाबी बाई मेथीच्या बदल्यात पालक देते, जमैकाच्या आजी भोपळ्याची भाजी कशी करतात ते सांगतात. भाषा अडली तरी कोथिंबिरीचा वास सर्वांना कळतो!

आणि आपण इथल्या जणी? आपल्याही गृहनिर्माण संस्थांच्या मागे, कॉलनीच्या कोपऱ्यात चार-दोनशे फूट जागा पडून असते. तिथे कचरा साठतो किंवा स्कूटर लागतात. अडीच गुंठे नकोत, प्रत्येकीला दहा बाय दहाचा वाफा पुरे. पण विलायतेतली शिस्तही उचलली पाहिजे : लहानसं का होईना ठरलेलं भाडं, पाण्याची लेखी व्यवस्था, पडीक ठेवणारीचा वाफा दुसरीला, आणि कागदावर बाईचं नाव. पुढच्या महिन्यात तुमच्या संस्थेची सभा असेल, तेव्हा एवढा एक विषय मांडून तर पाहा!